संख्यांचे अंतरंग – लेखांक ६ : सुरतेचा ३९५००३

सुरत महानगरपालिकेच्या मुगलीसरा येथील मुख्य कार्यालयाच्या पत्त्यात ३९५००३ हा पिनकोड येतो. डाक खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली; तीत पहिले तीन अंक पत्रांच्या वर्गवारीचा प्रदेश आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दाखवतात. मात्र या सहा अंकांकडे एक पूर्णांक म्हणून पाहिले, तर डाक खात्याने न योजलेले बरेच काही त्यांत आढळते.

पहिला प्रश्न अवयवांचा. ३९५००३ चे वर्गमूळ ६२८ आणि ६२९ यांच्या दरम्यान असल्याने ही संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव ६२८ पर्यंत सापडलाच पाहिजे. सातने भागताच ५६४२९ उरतात, त्यांना ७३ ने भाग जाऊन ७७३ मिळतात, आणि ७७३ ला २७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नसल्याने ती स्वतःच मूळ ठरते. म्हणजे ३९५००३ = ७ × ७३ × ७७३.

या अवयवांत केवळ ७ आणि ३ हेच अंक यावेत, हा दशमान लेखनातील योगायोग होय. ७ × ७३ = ५११ याला मात्र बीजगणिताचा आधार आहे : ५११ म्हणजे आठच्या घनातून एक वजा, आणि अ³ − १ = (अ − १)(अ² + अ + १) या सूत्रात अ = ८ घातल्यास ७ व ७३ हेच अवयव मिळतात.

दुसरा प्रश्न वर्गांच्या बेरजेचा. ७३ = ८² + ३² आणि ७७३ = २२² + १७² असल्याने ब्रह्मगुप्ताच्या सूत्रानुसार त्यांचा गुणाकारही तसाच मांडता येतो : ५६४२९ = १२५² + २०२². परंतु चारने भागल्यावर तीन बाकी उरणारी मूळ संख्या अवयवांत विषम वेळा आली, तर दोन वर्गांची बेरीज अशक्य होते. येथे सात एकदाच येत असल्याने ३९५००३ ला ते रूप नाही.

तिसरा प्रश्न देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मांडलेला. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या जन्मते. जिला असा जनक नाही, ती स्वयंभू, अर्थात देवळाली संख्या. ३९४९६६ मध्ये ३७ मिळवल्यास ३९५००३ येतात, म्हणून ही संख्या स्वयंभू नव्हे. तिच्या तीन पावले आधीची ३९५००० मात्र स्वयंभू आहे.

हे गुणधर्म एका जातीचे नाहीत. लेखनपद्धती बदलताच कापरेकरांची कसोटी वेगळे उत्तर देऊ शकते, तर अवयव आणि वर्गांची बेरीज कोणत्याही पद्धतीत तशीच राहते. या भेदाचा विस्तार पुढील लेखांकात द्विमान पद्धतीच्या आधारे केला जाईल.