गाण्याचे कागद

वाचनालयात पुस्तके असतात हे आपल्याला माहीतच आहे. पण इंग्लंडात लंडनजवळ लाउटन नावाचे गाव आहे, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जॅझ संगीताचा मोठा संग्रह आहे. मला वाटलं, रेकॉर्डींचे ढीग असतील. पण नाही! तिथे मुख्य भर आहे तो कागदांवर.

असे का, ते सांगतो. जॅझ हे अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घडवलेले संगीत. त्यात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम वाजतात. मूळ चाल ठरलेली असते, पण वादक तिच्यात आयत्या वेळी स्वतःची भर घालतो. आपल्याकडे भजनात बुवा एकच ओळ घोळवून घोळवून म्हणतात ना, तसंच काहीसं. म्हणजे काल वाजवलेले आज तसेच्या तसे ऐकायला मिळायचे नाही. रेकॉर्ड निघाली तर राहिले, आणि सगळ्यांच्या कुठे रेकॉर्डी निघतात? मग मागे उरतात पत्रे, फोटो, जाहिराती आणि मासिकांतल्या मुलाखती. वादक वारला, घर आवरले, की तेही जाते.

डिग्बी फेअरवेदर हे त्याच एसेक्स परगण्यातले ट्रम्पेटवादक. पूर्णवेळ वादक होण्याआधी ते ग्रंथपालाची नोकरी करत, त्यामुळे कागदाची किंमत त्यांना ठाऊक! त्यांनी १९८८ साली हा संग्रह सुरू केला. वादकांनी, रसिकांनी आपापल्या जवळचे सामान दिले. अशा देणग्यांतून तो वाढत गेला. आज तिथे चार हजारांवर पुस्तके आहेत, शिवाय जुनी मासिके. २०११ साली लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीचे अनुदान मिळाले, (लॉटरी म्हणजे पैसे बुडवणे, असे आमचे वडील म्हणतात!) त्यातून याद्या झाल्या आणि पुष्कळ पाने संगणकावर आली.

आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवत. कोणत्या गावच्या सप्त्याला गेलो, पखवाजाला कोण होते, सगळे ते एका वहीत लिहीत. आजोबा गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत ती वही रद्दीत गेली. मी धावत दुकानात गेलो, तोवर पुढची पाने पुड्यांना लागली होती. उरलेली अकरा पाने गुरुजींनी शाळेच्या कपाटात ठेवली आहेत. एका पानावर पखवाजवाल्याचे नाव पुसट झाले आहे. पालकांपैकी कुणाला ते लागले तर जरूर सांगा.

— इयत्ता ७ वी