चौकटींतले महाभारत

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली अनेक पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. १,२५९ पोथ्या, १९ खंड. हा इतिहास अनेकांनी सांगितला आहे. ज्या कागदावर पाठभेद टिपले गेले, त्या कागदाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

एका कागदावर एकच श्लोक. वर प्रचलित संहितेतला पाठ, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खाली पोथ्यांच्या ओळी, प्रत्येकीपुढे तिची खूण. पोथीत वेगळे अक्षर सापडले की ते वरच्या अक्षराच्या बरोबर खाली उतरवायचे. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम या लिप्या जाणणारी माणसे डोळ्यांत तेल घालून हे करत होती; पुण्यात, तसेच शांतिनिकेतनात आणि तंजावरातही. संपादकाने निवाडा करायचा तो या कागदावरून. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी आदिपर्व उभे केले ते याच बळावर.

संगणकाला पोथ्यांची तुलना करायला सांगा, तो नेमका असाच तक्ता मागतो. जीवशास्त्रज्ञ डीएनएचे असे तक्ते मांडून कोणता जीव कोणाच्या जवळचा हे काढतात. वेंडी फिलिप्स-रॉड्रिगेझ यांनी केंब्रिजमध्ये त्याच रीतीने सभापर्वातल्या द्यूतप्रसंगाच्या पोथ्यांची वंशावळ मांडून पाहिली. ज्यांनी हाताने चौकटी भरल्या त्यांच्या शिस्तीला याहून मोठी पावती कोणती?

पण वंशावळीत प्रत्येक पोथीला एकच आई असावी लागते. लेखनिक मात्र मध्येच दुसरी पोथी समोर घेई, कधी दोन्ही ताडून बरा वाटेल तो पाठ उचली. अशा पोथीचे अर्धे प्रकरण एका घराण्यातले, अर्धे दुसऱ्यातले. सांधा कुठे आहे हे शोधण्यासाठी संख्याशास्त्राच्या कसोट्या लावल्या गेल्या. त्या बदल झाल्याची जागा दाखवतात, कोणता पाठ मूळचा हे सांगत नाहीत.

दुसरी अडचण शब्द शोधण्याची. क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी १९९० च्या दशकात चिकित्सक आवृत्तीची मुख्य संहिता संगणकावर उतरवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. जगभरचे अभ्यासक आज तिच्यावर विसंबतात. संस्कृतात मात्र शब्द संधीत विरघळतात. ‘अपि’ शोधणाऱ्याला ‘तथापि’तला ‘अपि’ हाती लागत नाही. ओलिव्हर हेलविग यांच्यासारख्यांनी संधी सोडवणारी, शब्दाचे मूळ रूप ओळखणारी साधने त्यासाठीच घडवली.

खरी काळजी वेगळीच आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी मुख्य संहितेतून काढून तळाच्या पाठभेदांत ठेवला. कारण पोथ्यांची साक्ष तशी होती. पुढे उद्योगपर्वात तिच्या त्या हाकेची आठवण खुद्द कृष्णच काढतो, आणि ते मुख्य संहितेत आहे. म्हणजे नुसती मुख्य संहिता भरलेल्या यंत्राला आठवण सापडते, प्रसंग सापडत नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथाही अशीच परिशिष्टात गेली आहे. छापील खंडात ती त्याच ग्रंथात दिसते. पडद्यावर ‘आढळले नाही’ एवढेच उमटते, आणि शेकडो वर्षे लोकांनी ऐकलेली, गायलेली कथा महाभारतात कधी नव्हतीच असा समज होतो.

म्हणून संगणकावर महाभारत शोधणाऱ्यांनी आधी एवढे पाहावे: यंत्रात कोणती संहिता भरली आहे, आणि तिच्याबरोबर तळटीपा व परिशिष्टे आहेत की नाहीत. नसतील तर निष्कर्ष लिहिण्यापूर्वी छापील खंड उघडावा.