दिलेला शब्द आणि राज्याचा अधिकार : रोम ते बोरघाट

पवित्र शास्त्रातील मक्काबींच्या पहिल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एका राजकीय तहाची हकिकत आहे. यहूदा मक्काबी याने युपोलेमस आणि जेसन या दोन वकिलांना रोमला पाठविले. इ. स. पूर्व १६१ च्या सुमारास त्यांनी रोमच्या सिनेटपुढे मैत्रीची विनंती केली आणि युद्धात परस्परांना साहाय्य करण्याचा तह झाला. त्याचा मजकूर धातूच्या पत्र्यांवर कोरून यरुशलेमला पाठविण्यात आला. राजा नसलेले रोम इतर राष्ट्रांशी व्यवहार कसा करीत असे आणि दिलेल्या शब्दाने कोण बांधले जाई, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा होता. पुढे १७७९ मध्ये तोच प्रश्न आपल्या बोरघाटाच्या माथ्यावर उभा राहिला.

रोमची पद्धत

प्रजासत्ताक रोममध्ये स्वतंत्र परराष्ट्रखाते नव्हते. परकीय वकिलांचे म्हणणे ऐकणे, त्यांना उत्तर देणे आणि आपले वकील नेमणे ही कामे सिनेट करीत असे. युद्ध आणि तह यांना संमती देण्याचा अधिकार नागरिकांच्या सभेचा होता. सैन्य मात्र वर्षभरासाठी निवडलेल्या कॉन्सलच्या हाती असे.

या व्यवहारावर धर्माची मोहोर उमटविण्यासाठी फेतियाल नावाचे वीस पुरोहितांचे मंडळ होते. युद्धापूर्वी ते शत्रूकडे झालेल्या हानीची भरपाई मागत, सुमारे महिनाभर वाट पाहत आणि उत्तर न आल्यास शत्रूच्या हद्दीत भाला फेकीत. तह करताना गारगोटीने डुकराचा बळी दिला जाई. रोमने प्रथम तह मोडला, तर जुपिटरने रोमवर असाच प्रहार करावा, अशी शपथ त्या वेळी घेतली जाई.

परंतु सेनापती रणांगणावर कोंडला गेला आणि तेथेच त्याने शत्रूला शब्द दिला, तर? इ. स. पूर्व ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत सॅम्नाइटांनी रोमन सैन्य कोंडले. कॉन्सलांनी आपल्या हमीवर करार करून सैन्य सोडवून घेतले. रोमन परंपरा सांगते की, नागरिकांची संमती आणि पुरोहितांचा विधी नसल्याने रोमने तो तह मानला नाही. हमी देणाऱ्यांना मात्र शत्रूच्या स्वाधीन केले. लिव्ही या इतिहासकाराने सॅम्नाइट सेनापतीच्या तोंडी घातलेला युक्तिवाद आजही विचार करायला लावतो : करार मान्य नसेल, तर सुटलेले सैन्य पुन्हा त्याच खिंडीत आणून उभे करावे. इ. स. पूर्व १३७ मध्ये स्पेनमधील नुमान्शिया येथे असेच घडले. सिनेटने करार फेटाळला आणि कॉन्सल मॅन्सिनस याला विवस्त्र करून, हात बांधून नगराच्या वेशीवर सोडले. नुमान्शियाच्या लोकांनी त्याला स्वीकारले नाही.

वडगावचा करार

१७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्याच्या सत्तेवर बसविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे चार हजारांची फौज मुंबईहून निघाली. पनवेल, खालापूर या वाटेने ती बोरघाट चढली. कर्नल एगर्टन आणि जॉन कार्नाक हे तिच्यासोबतच्या समितीचे प्रमुख होते. फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते. माघार घेताना मराठ्यांनी तिला वडगावला घेरले.

बोलण्यात साष्टी परत करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा इंग्रजांनी सांगितले की, असा तह करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ग्रँट डफच्या इतिहासात महादजी शिंदे यांचे उत्तर नोंदविलेले आहे : कर्नल अप्टनने केलेला १७७६ चा पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला कोठून मिळाला, तो दाखवा. अखेर जानेवारी १७७९ मध्ये करार झाला. १७७३ पासून घेतलेला प्रदेश परत करावा आणि बंगालहून येणारी फौज थांबवावी, असे त्यात ठरले. फार्मर आणि स्टुअर्ट हे दोन इंग्रज ओलीस राहिले. बाकीची फौज सुखरूप घाट उतरली. खाली पोहोचताच बंगालच्या फौजेला थांबविण्याचा हुकूम समितीने रद्द केला. मुंबई आणि कलकत्ता येथील वरिष्ठांनी करार फेटाळला. कार्नाक आणि एगर्टन यांना सेवेतून काढण्यात आले.

रोमप्रमाणेच येथेही शब्द देणाऱ्यांना शिक्षा झाली, पण त्या शब्दाने मिळालेला लाभ राज्याने स्वतःकडे ठेवला. फौज पुन्हा वडगावला कोणी नेऊन उभी केली नाही. ओलिसांना मात्र महादजींनी १७८० मध्ये सोडून दिले.

नीतीचा प्रश्न

अधिकार नसलेल्या व्यक्तीचा करार राज्याला बांधत नाही, हे तत्त्व चुकीचे म्हणता येत नाही. १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या आठव्या कलमातही ते आहे, आणि होली सी, म्हणजे आपले परमधर्मपीठ, त्या कराराचे सदस्य आहे. परंतु कायद्याने सुटका झाली, तरी सद्सद्विवेकबुद्धीची सुटका होतेच असे नाही. संत ऑगस्टीन यांनी बोनिफेस या रोमन सेनाधिकाऱ्याला पत्रातून स्पष्ट लिहिले होते की, दिलेला शब्द शत्रूशीही पाळला पाहिजे.

मोडलेल्या शब्दाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. डिसेंबर १७८० मध्ये वसई इंग्रजांच्या हाती गेली. एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्डची फौज बोरघाट उतरून पनवेलकडे परतताना मराठ्यांच्या हल्ल्यांत तिची मोठी हानी झाली. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, तेव्हा साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांना परत मिळाली. या वेळी मात्र कलकत्ता आणि पुणे या दोन्ही दरबारांची मंजुरी घेण्यात आली, आणि तह पाळला जाईल याची दोन्ही पक्षांतर्फे हमी देण्यासाठी एक जामीन नेमला गेला. वडगावला ज्यांना दिलेला शब्द मोडला गेला होता, तेच महादजी शिंदे हे जामीन होते.