अर्जातून रियाज बोलावा

मालाडसारख्या उपनगरातील कारकुनाच्या मुलीला संगीत महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज करता येतो, यात आज कुणाला नवल वाटत नाही. वस्तुतः ते वाटावयास हवे. एकेकाळी या विद्येचे दार उघडे ते बहुधा घराण्याच्या नात्याने किंवा कुणा बड्याच्या शब्दाने. ५ मे १९०१ रोजी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पुढे मुंबईचे वकील पं. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. अनोळखी विद्यार्थ्यालाही केवळ अर्जाच्या बळावर विद्या मागता येऊ लागली, ती या मंडळींच्या पुण्याईने.

असा हा हक्क ‘संगीत हाच माझा श्वास’ असल्या वाक्यांत का दवडावा? निवड करणाऱ्यांना हकीकत हवी असते. तालीम कोणाकडे नि किती वर्षे झाली, कोणत्या रागांतील विलंबित व द्रुत ख्याल मांडता येतात, कोणता ताल अजून पक्का नाही आणि पुढे नेमके काय शिकावयाचे आहे, एवढे स्वच्छ लिहावे. उणीव लपवू नये; प्रत्यक्ष चाचणीत तंबोऱ्यापुढे ती उघडी पडणारच.

शिक्षकांनीही अर्ज स्वतः लिहून देण्याचा मोह टाळावा. शुद्धलेखन अवश्य तपासावे. शब्द मात्र विद्यार्थ्याचेच राहू द्यावेत. शिफारशीवाचून मिळालेली संधी उसन्या भाषेत मागणे शोभत नाही.