कात्रजमधला फ्लॅट विकताय? व्हॅल्युअर येण्याआधी एवढं करा

घेणारा कर्ज काढणार असेल, तर बँक व्हॅल्युअरला घर बघायला पाठवते. कर्ज किती मिळणार, हे बरंचसं त्याच्या अहवालावर ठरतं. म्हणून आधीच तयारीला लागा.

📌 एक फाइल लावा: नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स २, मंजूर नकाशा, भोगवटापत्र, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल. नाव आणि फ्लॅट नंबर सगळीकडे जुळतात का, पाहा.

📌 व्हॅल्युअर खोल्या मोजून नकाशाशी ताडतो. बाल्कनी आत घेतली असेल, तर घेणाऱ्याला आधीच सांगा. ऐनवेळी कळलं की व्यवहार अडतो.

📌 बाथरूमच्या मागची भिंत आणि खिडकीखालचा कोपरा नीट बघा. पोपडे सुटले असतील, तर आधी गळती काढा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. ओलीवर मारलेला रंग लगेच फुगतो.

📌 गुंठेवारीतलं घर असेल, तर नियमितीकरणाचा दाखला फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. २००१च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या गुंठेवारीलाही नियमित होण्याची वाट मिळाली. अर्ज राहिला असेल, तर गिऱ्हाईक शोधण्याआधी महापालिकेत चौकशी करा.