पायलट बुशाच्या पाच नोंदी

आजोबांची एक वही आमच्याकडे आहे. लाल कापडी पाठीची, आडव्या रेघांची. पहिल्या पानावर वर ‘श्री’, त्याखाली गाडीचा इंग्रजी तीन अक्षरांचा जुना नंबर आणि पहिली नोंद १९८४ सालची : ‘सरकारी लिलावातून जीप घेतली. चार टायर बाद. बॅटरी नाही.’ पुढची सव्वीस वर्षं डिझेल, ऑइल, पाटे, पंक्चर, टपावरच्या ताडपत्रीची शिलाई, सगळं तारीखवार लिहिलेलं. २०१० साली नोंदी थांबतात. त्या वर्षी आजोबा गेले आणि जीप राधानगरीजवळच्या आमच्या वस्तीवरच्या गोठ्याशेजारी उभी राहिली. मी ती २०१९ च्या दिवाळीत बाहेर ओढली. काम संपायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. त्या तीन वर्षांचा हा मागोवा. पण तो नीट लागायला अगोदरची वही वाचावी लागली, आणि ती मी फार उशिरा वाचली.

गाडी १९६८ सालची, सीजे-३बी. आपल्याकडे हिला ‘हाय बॉनेट’ म्हणतात. या उंच बॉनेटला कारण आहे. विलीस कंपनीने १९५३ साली जीपमध्ये नवं हरिकेन इंजिन घातलं. त्याचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिले, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं. २,१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं ते पेट्रोल इंजिन सत्तरच्या वर हॉर्सपॉवर देई. महिंद्रने मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडायला सुरुवात केली होती. पुढे हे मॉडेल इथेच तयार होऊ लागलं. आमची गाडी झाली त्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकेत सीजे-३बी बंद झाली. इथे मात्र तिचा संसार नुकता कुठे बसत होता. तहसील, पोलीस, पाटबंधारे, वनखातं, जिथे डांबर संपे तिथे सरकारची हीच गाडी असे.

सरकारची गाडी होती तोवर पेट्रोल कुणाच्या खिशातून जात नव्हतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती चैन संपली. महिंद्रने सत्तरीच्या दशकातच ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवलं. ते ट्रॅक्टर बनवणारी कंपनी १९७७ साली महिंद्रमध्येच विलीन झाली. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजोशी करार होऊन इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे इंजिन तयार होऊ लागलं. २,११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. कागदावर पेट्रोलपेक्षा कमी जोराचं, पण शेतकऱ्याला परवडणारं. लिलावात निघालेल्या पेट्रोल जीप घ्यायच्या आणि त्यांत डिझेल इंजिन बसवायचं, असा धंदाच मग गावोगावच्या गॅरेजांत उभा राहिला. कुणी ट्रॅक्टरचं बसवलं, कुणी मॅटाडोरचं, कुणी प्यूजो.

आजोबांनी १९८६ साली हेच केलं. वहीत दोन वर्षांचा पेट्रोलचा हिशेब आहे : लिटरला सहा-सात किलोमीटर. मग एका ओळीत निर्णय : ‘अपघाती जीपचे प्यूजो इंजिन मिळाले. कोल्हापुरास नेणे.’ त्या जीपचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं बेलहाउसिंग अपघातात फुटलेलं होतं. नवं इंजिन आणि आमचा जुना तीन गिअरचा बॉक्स यांची भोकं एकमेकांशी जुळत नव्हती. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरने मधे बसणारी जाड पोलादी प्लेट तयार केली. विहिरीवरची ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळांचे चरक घडवण्यात हात मुरलेली ही वस्ती. तिला एक प्लेट म्हणजे काय! पुढच्या पानावर डिझेलचा हिशेब लिटरला अकराचा आहे.

हे सगळं मला २०१९ मध्ये ठाऊक नव्हतं. मला जीप ‘मुळासारखी’ करायची होती. मासिकांतल्या फोटोंत असते तशी : हिरवा रंग, सहा-सोळाचे टायर आणि बॉनेटखाली हरिकेन पेट्रोल. ज्या मिस्त्रींकडे काम दिलं ते सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणतो. माझा बेत ऐकून त्यांनी बिडी विझवली.

“पेट्रोल बसवतो की. इंजिनबी मिळंल,” ते म्हणाले. “पण मग ही गाडी कुणाची? तुज्या आज्यानं चोवीस वर्सं चालवली ती डिझेलवर. पेट्रोलवर चालवली सरकारनं.”

मी हिशेब केला. पेट्रोलवर अठरा वर्षं, त्यातली सोळा सरकारी. डिझेलवर चोवीस, सगळी घरची. ‘मूळ’ म्हणजे नेमकं कुठलं साल, हे मी ठरवलंच नव्हतं. मी फक्त कारखान्याच्या दाराशी जाऊन थांबलो होतो.

इंजिन उघडलं तेव्हा प्रश्न आणखी वाढला. नऊ वर्षं पाणी आत साचून लायनर बसायच्या जागा गंजाने खाल्ल्या होत्या. पिस्टन चिकटलेले. क्रँक याआधीच चाळीस अंडरला ग्राइंड झालेला, म्हणजे आणखी घासायला वाव नाही. पंपाचं आतलं सगळं जाम. हे इंजिन उठणार नव्हतं. समोर तीन वाटा होत्या. एक, पेट्रोल. दोन, बोलेरोचं डीआय इंजिन : दणकट, सुटे भाग कुठेही मिळतात, पण त्याच्याबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्यायचा, म्हणजे क्रॉसमेंबर, प्रॉपेलर शाफ्ट, फ्लोअरची कापाकापी सगळं आलं. तीन, पुन्हा प्यूजोच. मामांनी सांगलीच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये पडलेलं एक एक्सडीपी शोधून काढलं. क्रँक स्टँडर्ड साइझवर, ब्लॉक कोरडा. मी तिसरी वाट धरली. खरं सांगायचं तर त्या वेळी त्यामागे तत्त्व वगैरे नव्हतं. कमी कापाकापी, एवढंच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. इंजिन मशीन शॉपमध्ये अडकलं आणि मी घरी. करायला काही नाही म्हणून मी बॉडीचं काम पुढे घेतलं, आणि ती माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. गावातल्या डेंटरकडून टबचा सडलेला पत्रा बदलून घेतला आणि उत्साहात रंगही मारून घेतला. वर्षभराने इंजिन बसवताना साखळी-कप्पी त्याच रंगावर आपटली. दोन्ही मडगार्ड पुन्हा रंगवावे लागले. क्रम असा असतो : आधी चासी, मग पाटे आणि ॲक्सल, मग इंजिन-गिअरबॉक्स, गाडी उघड्या पत्र्यावर दोनशे किलोमीटर चालवायची, आणि शेवटी रंग. हे मला चार मिस्त्रींनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

टाळेबंदीतली एक गोष्ट मात्र कामी आली. मी वही शेवटपर्यंत वाचली. डिझेल-ऑइलच्या ओघात एक नोंद पुन्हा पुन्हा येत होती : ‘पायलट बुश बदलला.’ १९८८, १९९२, १९९५, २००१, २००६. अठरा वर्षांत पाच वेळा. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बाजूला एका छोट्या पितळी बुशात टेकलेलं असतं, तो हा पायलट बुश. किंमत किरकोळ, पण तो बदलायला अख्खा गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला फोर-बाय-फोरचा ट्रान्सफर केस उतरवावा लागतो. सुस्थितीतल्या गाडीत तो असा वरचेवर जात नाही. दोन ठिकाणी आजोबांनी पुढे लिहिलंय : ‘दुसरा गिअर सुटतो.’

मी फोनवर मामांना ते वाचून दाखवलं. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “प्लेट सेंटरला नाही. इंजिन आलं की आदी तेच बगू.”

२०२१ च्या पावसाळ्यानंतर ते पाहिलं. क्रँकवर डायल गेज बसवून, क्रँक हाताने फिरवत, प्लेटच्या मधल्या गोल भोकाच्या कडेने सुई चालवली. सुई एका बाजूला जात होती आणि परत येत होती. टर्नर लोक ‘थाऊ’मध्ये बोलतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. प्लेट अकरा थाऊ सरकलेली निघाली. डोळ्याला दिसणार नाही एवढी. पण शाफ्ट आणि क्रँक यांच्या मध्यरेषा तेवढ्याने चुकल्या की फरकाचा सगळा भार त्या पितळी बुशावर येतो. तो झिजतो, शाफ्ट डुलतो आणि गिअर सुटायला लागतो. आजोबांनी अठरा वर्षं परिणामाची दुरुस्ती केली, कारण जागेवर तसंच राहिलं. प्लेटचं काम घाईत झालं असेल, त्या काळी डायल गेज हाताशी नसेल, किंवा ऊस जायची वेळ झाली असेल. वहीत त्याचं कारण नाही.

नवी प्लेट करणं सोपं होतं. मामांनी ती करू दिली नाही. जुनी प्लेट घेऊन आम्ही उद्यमनगरात गेलो. तिच्या कडेला पंचाने ‘८६’ ठोकलेलं होतं. तिथल्या तरुण टर्नरने मधलं भोक मोठं करून त्यात रिंग ठोकली, ती रिंग क्रँकच्या मध्यावर पुन्हा बोअर केली आणि प्लेट पुन्हा हलू नये म्हणून दोन डॉवेल पिन बसवल्या. पुन्हा गेज लावलं तेव्हा फरक दोन थाऊच्या आत. त्याने न सांगता जुन्या आकड्याशेजारी ‘२१’ ठोकलं.

इंजिन पहिल्यांदा सुरू व्हायला आणखी चार महिने गेले. डिझेलला स्पार्क नसतो. हवा वीस पटींहून अधिक दाबली की ती स्वतःच इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल पेटतं. म्हणून सकाळी थंड इंजिनाला हीटर लागतो. आणि म्हणूनच टाकीपासून नोझलपर्यंतच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी गाडी रुसते. आम्ही दिवसभर हातपंपाने एअर काढत बसलो. संध्याकाळी एका नळीच्या तोंडाशी फेस थांबून स्वच्छ डिझेल आलं, नट आवळले आणि मामांनी स्टार्टर दिला. पांढऱ्या धुराचा लोट, मग ती ओळखीची खडखड. आत्या घरातून बाहेर आली आणि म्हणाली, “दादा आले वाटलं.” बंद करताना मी सवयीने किल्ली फिरवली, इंजिन चालूच. डॅशबोर्डाखालची स्टॉपची तार ओढायची असते, हे लहानपणी हजारदा पाहिलेलं मी विसरलो होतो.

पहिली मोठी चाचणी दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून परत चढण्याची. परतीच्या चढात काटा लाल रेघेकडे गेला. रेडिएटर नवा, पंप नवा. दोष पंख्यात होता : पंखा रेडिएटरपासून लांब, आणि भोवती कडं नाही, त्यामुळे तो आजूबाजूचीच गरम हवा घुसळत होता. पत्र्याचं एक कडं वळवून बसवलं आणि काटा मध्यावर थांबला. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जड, म्हणून पुढचे पाटेही दबले होते. एक पान वाढवलं. बदली इंजिन ही कधीच एकट्या इंजिनाची बाब नसते. ते आपल्यामागे पंखा, पाटे, नळ्या, तारा अशी सगळी वरात घेऊन येतं.

कागदांचं सांगायचं तर, आजोबांनी १९८६ साली इंधन बदलल्याची नोंद आरसी बुकात करून घेतली होती, म्हणून माझं निभावलं. नव्या इंजिनाचा नंबर, खरेदीची पावती, तपासणी आणि पाच वर्षांची फेरनोंदणी एवढं करावं लागलं. एका मित्राने सुचवलं की गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, व्हिंटेज म्हणून नोंदव. केंद्राचे त्याविषयीचे नियम २०२१ मध्येच आले आहेत. ते वाचले. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. नियम रास्त आहे. संग्रहालयाच्या दृष्टीने आमची जीप भेसळीची आहे आणि मला त्याची खंत नाही. १९६८ चं इंजिन तिच्यात टिकवलं असतं तर १९८६ नंतर तिला कुणी चालवलंच नसतं, आणि मग टिकवायला गाडीच उरली नसती.

एकूण खर्च तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास गेला. त्यातला दुसऱ्यांदा मारलेला रंग आणि घाईत घेतलेले चुकीचे दोन टायर वगळले तर तो पस्तीस-चाळीस हजारांनी कमी झाला असता. आज कुणी विचारलं तर मी एकच सांगेन : जुन्या गाडीला हात लावायच्या आधी तिची वही मागा. वही नसेल तर तिचा जुना मिस्त्री शोधा. कारखान्याने गाडी कशी बनवली ते पुस्तकात मिळतं. पुढे तिला काय खुपत होतं, ते तिच्या माणसांनाच माहीत असतं.

त्याच वहीत आता माझ्या अक्षरात नोंदी चालू आहेत. डिझेल, ऑइल, एकदा क्लच केबल, एकदा पुढच्या हबचं सील. लिटरला अकरा, तोच जुना आकडा. दुसरा गिअर सुटत नाही. पायलट बुशाची सहावी नोंद अजून झालेली नाही.