पन्नास वॅटची शाळा

कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओचा ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो. छताचा जुना पंखाही पन्नास वॅटहून जास्त वीज खातो. अँटेनाच्या मदतीने या प्रक्षेपणाची परिणामी शक्ती १०० वॅटपर्यंत नेता येते आणि अपवाद सोडला तर त्यापुढे परवानगी मिळत नाही. अँटेनाही जमिनीपासून ३० मीटरच्या वर नेता येत नाही. वाटेत टेकडी किंवा उंच इमारतींची रांग आडवी आली नाही, तर आवाज पाच ते दहा किलोमीटर जातो. त्यापलीकडे फक्त खरखर.

व्यावसायिक एफएमवाल्यांना हा पल्ला ऐकून हसू येईल. पण कॅम्पस रेडिओचं सगळं शहाणपण या आखूड पल्ल्यातच आहे. आपण कोणाशी बोलतोय हे इथे नेमकं ठाऊक असतं: आवाराबाहेरचा रिक्षा थांबा, मागची वस्ती, हॉस्टेलची मेस, पलीकडच्या गावातली शाळा. दुसऱ्या कॉलेजांतली मुलं एक दिवस हे केंद्र बघायला आणि शिकायला येतात, तेव्हा काचेआडचा स्टुडिओ आणि दारावरचा लाल दिवा त्यांच्या डोळ्यांत भरतो. यजमान विद्यार्थ्यांनी त्यांना दाखवायचा असतो तो हा पल्ला.

क्रिकेटमुळे आलेला रेडिओ

हे केंद्र आवारात आलं कसं, याची कथा क्रिकेटपासून सुरू होते. १९९३च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद पेटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. पुढे ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

कॉलेजांच्या दारापर्यंत हा निकाल पोचायला जवळपास आठ वर्षं लागली. शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र चालवू देण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर २००२ मध्ये घेतला आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ ९०.४ वर सुरू झालं. देशातलं ते पहिलं कॅम्पस केंद्र. नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण आणखी सैल झालं. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही परवाना मिळू लागला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आली, मुंबई विद्यापीठाचं ‘मस्ट रेडिओ’ १०७.८ वर. बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’ आणि म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ ही दोन्ही केंद्रं ९०.४ वर उभी राहिली. दोन्ही गावांत मोठं अंतर असल्यामुळे एकच आकडा दोघींना चालतो. आखूड पल्ल्याचा हाही एक फायदा.

शिकवणारे कोण?

अशा केंद्रात केंद्रप्रमुख आणि एखादा तंत्रज्ञ सोडला, तर बाकीचा डोलारा सहसा विद्यार्थ्यांच्या खांद्यावर असतो. निवेदन, मुलाखती, संकलन, रोजच्या नोंदी सगळं तेच करतात. पाहुण्या मुलांच्या कार्यशाळेचा दिवसही त्यांनीच चालवावा. पंचवीस वर्षं माईकसमोर बसलेल्या निवेदकाला आपण पहिल्यांदा कुठे अडखळलो ते आठवत नाही. गेल्या वर्षी शिकलेल्या मुलीला ते पक्कं आठवतं. ‘हेडफोन न लावता रेकॉर्डिंग केलं आणि अख्खी मुलाखत वाऱ्याच्या घोंघावण्यात गेली’ हे ती ज्या पोटतिडकीने सांगते, त्या पोटतिडकीने कुठलंही पुस्तक सांगत नाही.

मात्र ‘विद्यार्थ्यांनी चालवलेला’ याचा अर्थ ‘आयत्या वेळी जमवलेला’ असा होता कामा नये. महिनाभर आधी वही उघडावी लागते. तारखेपासूनच अडचणी सुरू होतात. १३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन सगळ्यांना मोहात पाडतो, पण कोणाच्या परीक्षा आणि कोणाची स्नेहसंमेलनं त्याच सुमारास असतात. पाहुण्या कॉलेजांच्या प्राचार्यांना पत्रं जातात, सोबत येणाऱ्या शिक्षकांची नावं घ्यावी लागतात, सुरक्षारक्षकाकडे यादी द्यावी लागते. ती दिली नाही, तर उद्घाटनाची वेळ फाटकावर जाते.

दुसरी अडचण जागेची. स्टुडिओ म्हणजे छोटी, बंद, दुहेरी दाराची खोली. तिथे आठ-दहा जणांच्या वर माणसं उभी केली तर दारात गर्दी होते आणि मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात. म्हणून साठ पाहुणे असतील तर सहा गट करायचे, प्रत्येक गटाला एक यजमान द्यायचा आणि गट एकेका ठिकाणी फिरवायचे. हातात घड्याळ घेऊन फिरणारा एक कठोर मनुष्य लागतो. मैत्रीखातर वेळ वाढवून देणारा इथे कामाचा नाही.

तिसरी गोष्ट नवख्यांच्या हमखास सुटते. पाहुणे आले म्हणून केंद्र बंद राहत नाही. त्या दिवसाचे कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून, क्यू शीटवर क्रम लावून ठेवावे लागतात. एक जण दिवसभर प्रक्षेपणाच्या कन्सोलपाशीच बसतो. त्याने कार्यशाळेकडे ढुंकूनही बघायचं नाही. पोहे मात्र त्याला जागेवर नेऊन द्यायचे.

माईक, मैदान, कात्री

पहिलं ठिकाण माईकचं. तोंड आणि माईक यांच्यात साधारण एक वीत अंतर आणि तोंड किंचित तिरकं. समोरासमोर बोललं की ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा माईकवर आदळतो. ‘फुलपाखरू भुर्रकन उडालं’ एवढं वाक्य दोन्ही तऱ्हांनी बोलायला लावलं की व्याख्यानाची गरज उरत नाही. मग लेव्हल बघायची. काटा लाल पट्ट्यात गेला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता शिवता येत नाही.

खरी गंमत मात्र वेगळीच. माईकचा आवाज उघडणारा फेडर वर गेला की साधी सरळ बोलणारी मुलंही एकदम ‘आरजे’ होतात. आवाज चढतो, मराठीत विनाकारण इंग्रजी हेल येतो. यावर एक उपाय चालतो. कोणातरी एका माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याला सांगतोय असं समजून बोलायचं. मेसमधल्या मावशींना परीक्षेचं बदललेलं वेळापत्रक आणि त्यामुळे जेवणाची बदललेली वेळ सांगायची आहे म्हटलं, की आवाज आपोआप जमिनीवर येतो.

दुसरं ठिकाण बाहेरचं. हातात मावणारा रेकॉर्डर, कानाला हेडफोन, आणि आवाराच्या आसपास एक प्रश्न घेऊन फिरायचं. प्रश्न होकार-नकारात संपणारा नको. चहावाल्याला ‘धंदा बरा चाललाय का?’ विचारलं तर ‘हो’ मिळतं. ‘सुट्टीच्या दिवसांत दूध किती कमी घेता?’ विचारलं की एक अख्खं वर्ष हाती लागतं. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्यायची आणि हे कुठे ऐकू येणार तेही सांगायचं. शेवटी तीस सेकंद कोणीही बोलायचं नाही. जागेचा नुसता आवाज टिपायचा. मुलांना हा वेडेपणा वाटतो. तिसऱ्या ठिकाणी, संकलनाला बसल्यावर, दोन वाक्यांमधली फट बुजवायला तेच तीस सेकंद धावून येतात.

संकलनाला ‘ऑडॅसिटी’ पुरतं. हे मोफत सॉफ्टवेअर २००० मध्ये बाहेर आलं आणि साध्या संगणकावरही चालतं. कापायला पाच मिनिटांत शिकता येतं. काय ठेवायचं हे ठरवायला वेळ लागतो. वीस मिनिटांच्या बोलण्यातून तीन मिनिटं काढताना गटात हमखास भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं. मुलं ‘अं’, ‘म्हणजे’ सगळं कापून टाकायला निघतात. माणसाचा श्वास कापला की माणूस यंत्रासारखा ऐकू येतो, हे यजमानाने स्वतःचं जुनं रेकॉर्डिंग लावून दाखवायचं.

बातमी कुठे सुरू होते?

दुपारी कोणीतरी हात वर करतोच. ‘आमच्याकडे फीवाढीवरून आंदोलन चालू आहे, ते करूया का?’ इथे यजमानांना नियम सांगावा लागतो. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, परीक्षा, निकाल, प्रवेश, पाणी आणि विजेची माहिती चालते, कारण ती बातमीत धरली जात नाही. प्रसारित झालेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. कोणी आक्षेप घेतला तर तेच पुढे करायचं.

पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना हे बंधन जाचतं. जाचायलाच हवं. ज्या देशात वर्तमानपत्र काढणारा बातमी देऊ शकतो, तिथे दहा किलोमीटरच्या रेडिओने ती का देऊ नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. पण कार्यशाळेत याचा उपयोग करून घेता येतो. उद्या पाणी येणार नाही एवढं सांगता येतं, मग तेवढंच नीट सांगा: कोणत्या गल्लीत, किती वाजेपर्यंत, टँकर कुठे. हा मजकूर ऐकून कोणी त्याप्रमाणे हंडे भरू शकेल का, ही कसोटी. पुष्कळशा ‘ब्रेकिंग’ बातम्या तीत नापास होतील.

चारच्या सुमाराला सगळे एका खोलीत जमतात आणि प्रत्येक गटाचे तीन मिनिटांचे तुकडे ऐकतात. आधी खुलासे करायचे नाहीत. रेडिओवर खुलाशाला जागा नसते. ऐकल्यावर गटाबाहेरच्या एकाने काय कळलं तेवढं सांगायचं. सांगितलेलं आणि कळलेलं यांतलं अंतर तिथल्या तिथे उघडं पडतं. चांगले तुकडे केंद्रप्रमुख ऐकतात, तपासतात आणि मग त्यांना प्रसारणाची वेळ मिळते.

परतल्यावर

अशा दिवसांचं अपयश दुसऱ्या दिवशी कळतं. प्रमाणपत्रं वाटून झाली, फोटो निघाले आणि पाहुण्यांच्या कॉलेजात काहीच हललं नाही, तर ती सहल झाली. ‘आमच्याकडे परवाना नाही, ट्रान्समीटर नाही’ ही सबब ऐकू येते. तेलंगणातल्या माचनूरच्या ‘संघम रेडिओ’चं उदाहरण त्यावर सांगावं. तिथल्या दलित शेतकरी बायकांना परवाना मिळून प्रक्षेपण सुरू झालं ते १५ ऑक्टोबर २००८ रोजी. पण त्यांनी कार्यक्रम १९९८ पासूनच बनवायला घेतले होते. त्या कॅसेट गावोगावच्या संघमांच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकीत टेपरेकॉर्डरवर वाजत. दहा वर्षं त्यांनी रेडिओ चालवला, लहरींशिवाय.

म्हणून पाहुण्यांना निरोप देताना एक काम द्यावं. पंधरा दिवसांत पाच मिनिटांचा कार्यक्रम बनवा आणि कँटीनमध्ये एका स्पीकरवर लावा. लोक चहा टाकून ऐकतात की उठून जातात ते बघा, आणि कळवा. पन्नास वॅट नंतर मिळतील. ऐकणारा कोण, हे आधी शोधावं लागतं.